तापलेला सांधा

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. ट्रेड इलेक्ट्रिशियन, हुद्दा हवालदार. आज सातिवलीच्या कारखान्यात पॅनल दुरुस्त करतो, तर तिथली पोरं विचारतात, "सर, तुम्ही किती गोळ्या झाडल्या?" मी सांगतो, माझ्या हातात बहुतेक वेळ मीटरच होता. पोरांचं तोंड उतरतं. पण त्या मीटरपायी माझा एक माणूस गेला, आणि तो त्यांच्याच शिवेवरचा होता.

लान्स नायक जनार्दन. सातिवलीच्या पलीकडचं भातशेतीचं गाव. मी नंदाखाळचा. इतक्या लांब वसईचा माणूस भेटला की गोत्रातला भेटल्यासारखं वाटतं. तो मला 'केळीवाला' म्हणायचा, मी त्याला 'चिखल्या'.

जनरेटर खालच्या कॅम्पात होता. तिथून बर्फाखालून केबल वर पोस्टवर यायची. सकाळी खाली फोन करायचा, व्होल्टेज विचारायचं, वर आपलं मोजायचं, करंट बघायचा. रोजचंच काम.

त्या दिवशी शिपाई महादेवच्या फुप्फुसात पाणी भरलं. उंचीवर हे होतं आणि माणूस पडल्यापडल्या बुडतो. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. ऑक्सिजन मशीन लावलं, तर ते आचके देऊन बंद पडलं.

मी मीटर लावला. खाली दोनशेतीस व्होल्ट, वर एकशेऐंशी. एवढ्यावर मशीन चालत नाही. हीटर बंद केले तर व्होल्टेज वर यायचं, पण मशीनच्या बाटलीतलं पाणी गोठायचं. दोन्ही एकदम चालायला हवं होतं.

हिशेब शाळेतलाच. वाटेत पन्नास व्होल्ट जात होते, करंट दहा अँपिअर. पन्नास भागिले दहा, पाच ओहम. केबल टाकली तेव्हा दोनच भरले होते. म्हणजे तीन ओहम कुठल्या तरी एका सांध्यात बसले होते. तीन ओहममधून दहा अँपिअर गेले की तीस व्होल्ट तिथेच खर्च होतात. तीस गुणिले दहा, तीनशे वॉट.

सुभेदार साहेब म्हणाले, "सांधा कुठला ते सांग. अख्खी लाइन उकरायला वेळ नाही."

 आकडा किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

जना म्हणाला, "साहेब, आमच्या शेतावर मोटारीचा सांधा तापला का वरचं गवत पिवलं परतं. तीनशे वॉट हाय ना? मग इथं बरफ खचला असंल."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "जा. दोघं जा, दोर बांधून."

माझी जागा मीटरपाशी होती, म्हणून दुसरा एक शिपाई त्याच्याबरोबर निघाला. जाताना तो म्हणाला, "केळीवाल्या, चहा ठेव."

थोड्या वेळाने रेडिओ बोलला.

"खड्डा दिसला. तळाशी पानी साचलंय. सप्लाय बंद करा. ओव्हर."

सप्लाय बंद केला. महादेवला शेवटचा सिलिंडर लावला. साहेब त्याच्या काट्याकडे बघत होते, मी रेडिओकडे.

"जोडला. सोडा. ओव्हर."

मीटरचा काटा दोनशेदहावर जाऊन थांबला. मशीन सुरू झालं आणि आचका न देता चालत राहिलं. मी रेडिओ उचलला. "जना, दोनशेदहा. शाब्बास. परत ये. ओव्हर."

"चहा..." एवढंच ऐकू आलं. मग वरच्या उतारावरून बर्फ सुटल्याचा आवाज आला, आणि तो थांबल्यावर रेडिओवर नुसती खरखर.

जोडीदार दोराला लटकलेला जिवंत सापडला. जनाच्या बाजूचा दोर कड्याच्या धारेवर तुटला होता. तो आम्हाला मिळाला तेव्हा हवा निवळली होती आणि महादेवला हेलिकॉप्टरने खाली नेलं होतं. महादेव वाचला. त्याला मुलगी आहे. मला त्याचा आनंद आहे, आणि त्याचा फोन आला की बोलवतही नाही.

सुट्टीवर आल्यावर मी जनाच्या गावी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. मग म्हणाली, "मोटार नुसती घुमते रे. पानी चढत नाय. भाजी करपली."

बसून काय करणार होतो? उठलो, मीटर काढला. घरापाशी व्होल्टेज पुरेसं, विहिरीपाशी तीसने कमी. करंट सहा. पाच ओहम. या वेळी कुठे ते मला ठाऊक होतं. बांधाच्या कडेने चालत गेलो. एका जागी हातभर गवत वाळलेलं होतं.

मेन बंद केला आणि उकरलं. काळ्या टेपचा सांधा निघाला.

"त्यानंच बांधलेला," आई म्हणाली. "मागच्या सुट्टीला. घाईत होता. बोलला, आये, पुढच्या खेपेला पक्का करतो."

तिने वाकून टेपवर तळवा ठेवला.

"गरम हाय रे अजून."

माझ्या हातात पक्कड होती. मला ती चालवता येईना. आईने हात काढला नाही, आणि मीही तिला घाई केली नाही. सांधा पुरता गार झाला तेव्हा तीच म्हणाली, "काप आता."