पेटीवरचं अर्धं पान

माहे सासरे भगवंतराव सुतार म्हणत, "कामावर नाव कोरू नये. एक पान अर्धं सोडावं." आमच्या जैनद गावच्या घरात तीन पिढ्या हेच चाललं. दरवाजा असो का देव्हारा, वेलीचं शेवटचं पान अर्धंच. ज्याले ओळखायचं तो बरोबर ओळखते. अन् दर सुताराची हत्याराची एक पेटी, सोताच्या हातानं कोरलेली. तिच्यावरचंबी पान अर्धं. ते पुरं होते माणूस गेल्यावर, तेरवीले, लेकाच्या हातानं. मामंजींचं पान माह्या नवऱ्यानं, नाव घेऊनच सांगते, सुरेंद्रनं, रडत रडत पुरं केलं. सासूबाई मथुराबाईनं पेटी धरली होती.

मंग हैदराबादची रश्मी म्याडम आली, फोनात विलायती खुर्च्यायचे फोटो घेऊन. तिच्या शोसाठी, म्हंजे प्रदर्शनासाठी, तशी एक खुर्ची पाहिजे म्हणे. पाय असे वाकडे, जसे कुत्र्याचे मागचे. मी हसली. हे नाही हसले. दोन महिने सागवानाशी झटले. पाठीवर वेल कोरली, शेवटचं पान अर्धं सोडलं. खुर्ची झाली तं मले तिच्यावर बसायचं भेव वाटे, इतकी देखणी.

यायनं म्याडमले एकच मागितलं, "शो में मेरा नाम लिखना."

"जरूर, सुरेंद्रजी." गोड बोलण्यात बाई लय हुशार. चहा पेता पेता तिनं इचारलं, ये पत्ता आधा क्यूं है? अन् या भोळ्या माणसानं सारं सांगितलं. पेटीबी काढून दाखवली. असं कोणी सांगते का परक्याले?

शोले आमी दोघंबी गेलो. यायनं इस्त्रीचा नवा शर्ट घातला. खुर्ची दोरीच्या आत मांडली होती. ज्यानं केली त्यालेच पहारेकरी जवळ जाऊ देईना. कार्ड सारं इंग्रजी. तिथल्या एका बाईकडून वाचून घेतलं. वर रश्मी म्याडमचं नाव, खाली 'गावाकडचे कारागीर'. बस. तेवढ्यात म्याडम पानावर बोट ठेवून पाहुण्यायले सांगून राह्यली, "ये आधा पत्ता मेरी पहचान है."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं झाली तं यायनं हात धरला. "राहू दे, मंजुषा." राहू दे म्हणे! अहो, बापाची आठवण हाय ते पान! मंग म्याडमनं यायले फोटोले बलावलं, तेबी खुर्चीच्या मागं उभं केलं.

आठ दिवसानं तिचा फोन. तशाच सहा खुर्च्या पाहिजे. "और वो आधा पत्ता मत भूलना." हे म्हणाले, "जी."

सहाही केल्या. सहाहीवर पान अर्धं सोडलं, तिनं सांगितलं तसं. टेम्पो गेला अन् यायनं सोताची पेटी ओढली, कोरायची बारीक पटाशी घेतली. मले वाटलं, सफाई करत असतीन. चहा घेऊन गेली तं पेटीवरचं पान पुरं झालतं.

"हे काऊन केलं तुमी? जित्या माणसाचं पान पुरं करतात का?"

यायनं भुसा फुंकला. "आता अर्धं पान दिसलं का लोकं तिचं नाव घेतीन. माहं काय राह्यलं त्याच्यात?"

मी वरडली, भांडली, रडली. आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यायले डोळ्यानं दिसत नाही आता. लेकाची पेटी चाचपली, वेलीवरून बोट फिरवत शेवटच्या पानापाशी आल्या, अन् बोट थांबलं. पान पुरं होतं.

"सुरेंद्र?" म्हणाल्या, अन् दोन्ही हातानं लेकाचं तोंड चाचपून पाहू लागल्या.