धुक्यातलं व्हील

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हाही गुडघाभर पाण्यापलीकडे गेलो नव्हतो. आमचं तालुक्याचं गाव किनाऱ्यापासून इतकं लांब, की मासे म्हणजे धरणातले. वडिलांची पिठाची गिरणी होती. घरात पदवी घेणारा मी पहिलाच. एमएस करायला अमेरिकेत आलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला एक वयस्क मराठी जोडपं उभं होतं. आमच्या गावच्या एका शिक्षकांच्या ओळखीतून आलेलं. अपार्टमेंट मिळेपर्यंत मी जॉर्जियातल्या अल्फारेटाला त्यांच्याच घरी राहिलो. गाडी चालवायला काकांनी शिकवलं. पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट काकूंनी इस्त्री करून दिला. त्या घराला नाही म्हणायची वेळ माझ्यावर येईल, असं तेव्हा स्वप्नातही आलं नसतं.

काकांना शिडाच्या बोटींचं वेड होतं. जवळच्या तळ्यावर त्यांची एक छोटी बोट असायची. दर शनिवारी ते मला ओढून न्यायचे, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत मलाही वारा कळायला लागला. रिटायर झाल्यावर त्यांनी ती विकून मोठी यॉट घेतली आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर एका खाडीत ठेवली. अटलांटिक ओलांडायचा, हे त्यांचं ठरलंच होतं. मे महिन्यात निघायचं, आधी बर्म्युडा, मग अझोर्सची बेटं, मग पोर्तुगाल. घराच्या बेसमेंटमध्ये नकाशे, सुटे भाग, औषधांची पेटी, पाण्याचे कॅन यांचा पसारा वाढत गेला. काकू कोरडी चटणी आणि मेतकुटाचे डबे भरून देत होत्या, पण तोंड मात्र आवळलेलं.

कारण काका विसरायला लागले होते. एकदा गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून आत येऊन झोपले. एकदा गॅसवरचं दूध करपून घरभर धूर झाला. डॉक्टर म्हणाले, वय आहे. काकू म्हणाल्या, वय बोटीवर नसतं का?

शेवटी एक तडजोड निघाली. मार्चमध्ये चाचणीची सफर करायची, किनाऱ्यापासून लांब, काही दिवस. परत आल्यावर मी सांगायचं, काकांनी जावं की नाही. मी म्हणेन ते दोघांनाही मान्य.

"मी कोण सांगणारा, काकू?"

"तूच. ह्यांचं ऐकून ऐकून तुझे कान अजून किटलेले नाहीत."

काका हसले. "चालेल. ह्याला ह्या हातांनी पार्किंग शिकवलंय मी. बघू या काय न्याय करतो."

क्रू चौघांचा ठरला होता. काका, मी, रेडमंडला नोकरी करणारा माझा एक मित्र, आणि एक अमेरिकन बाई. ती पूर्वी नर्स होती, आता दुसऱ्यांच्या बोटी समुद्रापार पोचवून द्यायची कामं घेते. अटलांटिक तिने बऱ्याचदा ओलांडलेला. काका तिला कॅप्टनबाई म्हणत. चाचणीच्या आदल्या आठवड्यात मित्राचा फोन आला. "यार, व्हिसाचं काहीतरी अडकलंय, वकील म्हणतो देशाबाहेर जायचा विचारही करू नको. माझं कॅन्सल समज." त्यामुळे आम्ही तिघंच निघालो. चौथ्याचा बिछाना रिकामा, चौथ्याचं जाकीट खुंटीला. पहाऱ्याचा तक्ता चौघांच्या हिशेबाने केलेला होता, तो बदलायला कॅप्टनबाईने काकांना सांगितलं. "करतो, करतो," म्हणाले आणि राहून गेलं.

कॅप्टनबाईचा एकच नियम फार कडक होता. व्हील, म्हणजे सुकाणूचं चाक, हातातून सोडायचं तर तोंडाने बोलायचं. देणाऱ्याने म्हणायचं, "युअर व्हील." घेणाऱ्याने चाकावर हात ठेवून म्हणायचं, "माय व्हील." उत्तर ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. मी आणि काका आपसात ते मराठीतच करायचो. "व्हील तुझं." "व्हील माझं." पहिल्या दिवशी हसू यायचं, मग इतकी सवय झाली की चहाचा कप देतानाही मी "कप तुमचा" म्हणालो आणि काकांनी गंभीर चेहऱ्याने "कप माझा" म्हणून घेतला.

जाताना सगळं छान झालं. खरं सांगायचं तर काका समुद्रावर वेगळेच दिसत. पाठ सरळ, आवाज स्वच्छ. काही विसरले नाहीत. मी मनात निकाल लिहूनही टाकला होता.

परतीच्या सकाळी धुकं आलं. आमच्या गावाकडे थंडीत धुकं पडतं ते शेतावर, कमरेइतकं, आणि ऊन आलं की जातं. हे तसलं नव्हतं. ऊन वर कुठेतरी होतं, कारण धुकं आतून पांढरं उजळलं होतं, पण बोटीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. वारा मेलेला, म्हणून इंजिनावर चाललो होतो. किनारा जवळ येत होता आणि त्या भागात खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे असतात. ते चुकवायचे म्हणून ऑटोपायलट बंद करून काका स्वतः व्हीलवर होते. कॅप्टनबाई पुढे टोकाशी उभी राहून पाण्यावर नजर आणि कान ठेवून होती. ती आम्हाला दिसत नव्हती, फक्त मधूनमधून तिची हाक यायची, "क्लिअर!"

मग एका जहाजाचा भोंगा वाजला. मोठा, खालच्या सुरातला. कुठून, ते कळेना. धुक्यात आवाजाला दिशा नसते, हे मी वाचलं होतं. तो छातीतच वाजल्यासारखा वाटतो, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"आपला हॉर्न आण," काका म्हणाले. "मागच्या केबिनमध्ये आहे."

मी खाली गेलो. मागच्या केबिनमध्ये अंधार होता. दोन्ही हातांनी सामान उपसता यावं म्हणून मी बॅटरी दातांत धरली आणि पिशव्या बाजूला करायला लागलो. तेव्हा वरून काकांचा आवाज आला.

"व्हील तुझं."

आणि लगेच उत्तर.

"व्हील माझं."

मला वाटलं, काका स्वतःशीच गंमत करताहेत, कारण उत्तराचा आवाज त्यांच्यासारखाच होता. थोडा तरुण, पण त्यांचाच. मग जिन्यावर पावलं वाजली. हॉर्न घेऊन मी केबिनमधून खालच्याच मधल्या खोलीत आलो तर काका रडारच्या पडद्यावर वाकलेले. वरचा पडदा आदल्या दिवशीच बंद पडला होता, जहाज कुठे आहे ते बघायचं तर खालीच यावं लागायचं.

माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तू इथे? मग वर कोण आहे?"

मी जिना चढून वर आलो. वर कोणी नव्हतं. व्हील एकटंच होतं आणि ते हलत होतं. मोकळं सुटलेलं चाक हिंदकळतं, इकडे तिकडे जातं. हे तसं हलत नव्हतं. सावकाश एका बाजूला जात होतं, थांबत होतं, आणि जरासं परत येत होतं. गाडी चालवणारा माणूस लांबच्या वळणावर स्टिअरिंग फिरवतो, तसं.

मी झडप घालून ते धरलं. सगळ्या चाकावर दवाचे थेंब जमले होते, फक्त दोन जागा कोरड्या होत्या, दोन हातांच्या. काकांचेच हात असणार ते. पण त्या धुक्यात वस्तू लगेच ओल्या होत होत्या, हेही खरं.

तेवढ्यात डाव्या हाताला ते जहाज गेलं. धड दिसलं नाही. इंजिनाची धडधड, डिझेलचा वास, कुठल्याशा खिडकीचा पिवळट डाग, आणि मग त्याच्या लाटांनी आमची बोट वरखाली झाली. पुढून कॅप्टनबाई ओरडली, "नाइस टर्न!"

छान वळवलीस, म्हणत होती ती. मी काहीच वळवलं नव्हतं.

खाडीत पोचल्यावर काकांनी आणि मी पडद्यावर बोटीचा मार्ग पाहिला. यंत्र आपण जातो तशी मागे रेघ सोडत जातं. सरळ रेघेला एके ठिकाणी उजवीकडे वळण होतं, गुळगुळीत, आणि पुढे रेघ पुन्हा मूळ दिशेला लागली होती. वळण घेतलं नसतं तर आम्ही त्या जहाजाखाली असतो. काकांनी बोट लावून ते वळण दोनदा गिरवलं आणि पडदा बंद केला.

अल्फारेटापर्यंत मी ड्राइव्ह केलं. काका खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुझाच आवाज होता. मी ऐकला म्हणून हात सोडला. नियम पाळला मी."

"काका, मी खाली होतो."

"खालून म्हणाला असशील. सवयीने. तोंडातून निघून जातं."

ते काय मागत होते ते मला कळलं होतं. मी हो म्हणालो तर चूक माझी. काकांनी नियमाप्रमाणे सांगितलं, नियमाप्रमाणे उत्तर आलं, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, मे महिन्यात ते निघायला मोकळे. एवढंसं तर काम होतं. त्यांनी माझ्यासाठी काय काय केलं होतं!

काकूंनी जेवायला वाढून ठेवलं होतं, पण पानावर बसायच्या आधीच विचारलं. "हं. बोल."

काका माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी सगळं सांगितलं. धुकं, भोंगा, ते दोन आवाज, हलणारं व्हील.

"तूच म्हणालास ना पण?" काका म्हणाले. "आठवून बघ."

"काका, माझ्या दातांत बॅटरी होती."

काकूंनी डाव तसाच हातात धरला. "मग म्हणालं कोण?"

"माहीत नाही. पण मीही ऐकलं, काकू. मला तो काकांचा आवाज वाटला. ह्यांना माझा वाटला."

"ऐकलंस? ह्यालाही ऐकू आलं!" काका जवळजवळ ओरडलेच. "मग माझ्यात काय बिघडलंय?"

"काहीच नाही, काका. ज्याने बोट वळवली त्याने आपल्याला वाचवलं. पण त्याला क्रूमध्ये धरून अटलांटिकवर निघता येणार नाही. पुढच्या वेळी तो नसला तर? तुम्ही मागे न बघता हात सोडलात. मी असतो तर मीही सोडला असता, म्हणून मीही जाणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काकू. ह्यांना जाऊ देऊ नका."

काका उठले. मला वाटलं, आता मला घराबाहेर जायला सांगतील. त्यांनी फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि कॅप्टनबाईला इंग्रजीत सरळ सांगितलं, की मी येत नाही, बोट तू ने, दोन अनुभवी माणसं घे, पोर्तुगालला पोचव. कारणही सांगितलं, न लपवता.

ती म्हणाली, उत्तर तर तिनेही ऐकलं होतं. पुढे टोकापर्यंत स्वच्छ आलं होतं. "माय व्हील." म्हणून तर तिने मागे वळून पाहिलं नाही.

"इंग्लिशमध्ये?" काकांनी विचारलं.

"अर्थात," ती म्हणाली.

काकांनी फोन ठेवला.

"म्हणजे मी वेडा नाही," काका म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही जातही नाही. बसा जेवायला. तूही बस रे."

मे महिन्यात बोट गेली. दोर सोडायला मी आणि काका धक्क्यावर होतो. त्या दिवशी ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत, पण परतताना गाडीची किल्ली त्यांनी माझ्याच हातात दिली. उन्हाळ्यात पोर्तुगालहून कॅप्टनबाईचा मेसेज आला. बोट सुखरूप, हवा चांगली मिळाली, धुकंही लागलं. काकांनी तिला उलट विचारलं, की तो चौथा होता का. तिने लिहिलं, नाही, आम्ही तिघंच होतो, सगळी वाट तिघंच.

हॉलमध्ये चहा पीत काकांनी तो मेसेज आम्हाला वाचून दाखवला. चष्मा काढला, पुसला.

"मग तो इथेच उतरला," ते म्हणाले.

"उगाच काहीतरी बोलू नका," काकू म्हणाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी त्यांनी उठून बेसमेंटच्या जिन्यावरचा दिवा लावला.