खड्डे बुजवणारी मेव्हिस

मेव्हिस हॉकिंगला आमचं अख्खं गाव टरकून असायचं, आणि तिला ते आवडायचं. सत्तरी उलटलेली बाई, अंगावर मांस नाही, पण आवाज असा की वाळवंटात पलीकडच्या टेकडीवरची गुरंसुद्धा ऐकतील. तीस वर्षं तिने कच्चे रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवला. नोकरी सुटल्यावर इतरांसारखी तीही हिवाळाभर, म्हणजे आमच्याकडे एप्रिल ते सप्टेंबर, सोनं शोधत हिंडायची. हाती धातू शोधायचं मशीन, कानाला हेडफोन, कमरेला कुदळ. दिवसभर लाल मातीवर मशीन झुलवत चालायचं, ते वाजलं की खणायचं आणि संध्याकाळी गंजके खिळे, काडतुसांचं शिसं आणि कधीतरी गव्हाच्या दाण्याएवढं सोनं घेऊन परतायचं. पोटासाठी कुणी हे करत नाही. ही खाज आहे, दुसरं काही नाही.

तिचा एकच नियम होता आणि तो तिने गावाच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. आधी खड्डा बुजव, मग सोनं बघ.

एप्रिलमध्ये ॲलेक डनस्टनची चिठ्ठी सगळ्यांच्या घरी आली. ॲलेकचं गुरांचं कुरण चाळीस मैल पसरलेलं, आणि आमचं सोनं काय ते तिथेच. सरकारी परवाना खिशात असला तरी ॲलेकला विचारल्याशिवाय आत जायचं नाही, ही इथली रीत. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. जानेवारीत न बुजवलेल्या खड्ड्यात माझ्या गाभण गाईचा पाय मोडला. तिला गोळी घालावी लागली. फाटकाला कुलूप लावलं आहे. कुणी येऊ नये.

मेव्हिस ती चिठ्ठी नाचवत माझ्या वेल्डिंगच्या दुकानात शिरली.

"कुणी येऊ नये म्हणे! मलाही? एकतीस वर्षं या माणसाच्या स्वयंपाकघरात चहा पितेय मी! या पर्थच्या उपऱ्यांनी शेण खायचं आणि तोंड मी धुवायचं?"

"अगं, त्याची गाय गेली," मी म्हणालो.

"मग ज्याने मारली त्याला धर ना! सगळ्यांच्या नावाने एकच कागद काढलाय, जशी मी पण त्यांच्यातलीच!"

तशीच ती ॲलेककडे गेली. काय भांडली ते तिलाच ठाऊक, पण परतली ती सौदा करून. कुरणातले झाडून सगळे खड्डे बुजले, तर महिनाअखेरच्या रविवारी ॲलेक येऊन पाहील आणि फाटक उघडेल. एकही राहिला तर कायमचं बंद. तोवर खड्डे बुजवण्यापुरतंच तो आत सोडणार होता.

मग तिने आम्हाला जुंपलं. पर्थहून दर हिवाळ्यात येणारे लोक नुकते आपापले कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागची चाकांवरची घरं, लावून बसले होते. त्यांच्या खुर्च्यांपुढे जाऊन तिने फावडी आपटली. तिच्या तोंडाचे सगळ्यात जास्त फटके खाल्ले ते क्लाइव्ह पेडलीने. हा क्लाइव्ह निवृत्त दातांचा डॉक्टर, मऊ बोलणारा, उन्हाने नाक सोललेला.

"आयुष्यभर लोकांच्या तोंडातली भोकं बुजवलीस ना रे? मग जमिनीतली बुजवताना हात झडले?"

"मेव्हिस, मी माझे खड्डे बुजवतो. देवाशपथ."

"हो, आणि माझी कुदळही तू नेली नाहीस! गेल्या सप्टेंबरात तुझ्याच तळाजवळून नाहीशी झाली. चोर तो चोर!"

क्लाइव्हने फावडं उचललं. तीन आठवडे आम्ही खपलो. दुपारी माशा डोळ्यांत शिरायच्या, डबाबंद मांसाच्या सँडविचमध्ये माती कचकचायची. क्लाइव्ह रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि मेव्हिस रोज त्याला सगळ्यांच्या आधी शिव्या घालायची. आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

शेवटी उरला तो गाय पडली तो खड्डा. शेजारी तिची हाडं पांढरी पडलेली. तिथे कुणी जाईना. शनिवारी मेव्हिस म्हणाली, "भित्र्यांनो, द्या इकडे," आणि मला घेऊन गेली.

बुजवण्याआधी ती प्रत्येक खड्ड्यात मशीन फिरवायची. खिळा राहिला तर पुढच्याचं मशीन उगाच वाजतं म्हणून. इथे मशीन किंचाळलंच. गाईच्या धडपडीने कड ढासळून आत भर पडली होती. मेव्हिसने ती उपसली आणि खालून कुदळ निघाली. दांड्यावर तापल्या सळईने कोरलेली दोन अक्षरं होती, एम आणि एच.

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तो मोठा तुकडा," ती म्हणाली. "सप्टेंबरातला. कोंबडीच्या काळजाएवढा."

मला आठवलं. इतक्या हिवाळ्यांत तिला तेवढा कधी मिळाला नव्हता. तो मुठीत धरून ती मागे वळूनही न बघता तशीच गाडीत बसली होती, ॲलेकच्या बायकोला दाखवायला.

"मेव्हिस," मी म्हणालो, "आपण दोघंच आहोत. कुदळ गाडीत टाक. खड्डा बुजवू. उद्या फाटक उघडेल."

हे मी बोललो. मी, जो तीन आठवडे क्लाइव्हच्या फजितीला हसत होतो.

तिने माझ्याकडे पाहिलं, ते अजून विसरलो नाही. "हेच तू त्या डॉक्टरला सांगितलं असतंस?"

रविवारी आम्ही सगळे फाटकापाशी जमलो. ॲलेक कुरण फिरून आला, खूश दिसत होता. त्याने कुलूप काढलं, फाटक लोटलं, गाड्या एकेक आत गेल्या. मेव्हिस बाहेरच उभी राहिली आणि कुदळ त्याच्यापुढे धरली.

"तुझ्या गाईच्या खड्ड्यात मिळाली. माझी आहे. खड्डा माझा."

ॲलेकने कुदळ उलटसुलट पाहिली. गाड्यांमधून माणसं उतरली.

"चूक होते, मेव्हिस," क्लाइव्ह हळूच म्हणाला. "कुणाचीही होते."

"तू गप रे! तुला चोर म्हणाले मी. सगळ्यांसमोर म्हणाले, आणि सगळ्यांसमोर परत घेते. पण तू मला माफ करायला निघालास तर फावडं घालीन डोक्यात!"

कुणी हसलं नाही.

"जाऊ दे," ॲलेक म्हणाला. "ये आत. तू काय परकी आहेस?"

मेव्हिस भडकली. इतकं भडकलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. "परकी नाही म्हणून? ॲलेक डनस्टन, माझ्या तोंडाकडे बघ. हा खड्डा क्लाइव्हचा निघाला असता तर तू काय केलं असतंस?"

ॲलेकने कुदळ फाटकाला टेकवून ठेवली.

"विचारतेय मी!"

"हाकलून दिलं असतं," ॲलेक म्हणाला. "कायमचं."

"गाय तीच ना? पाय तोच मोडला ना?"

आमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मला अजून त्याची चीड येते. क्लाइव्ह तेवढा पुढे झाला, पण तिने हाताने त्याला थांबवलं.

ॲलेक फाटकाच्या आत गेला. मग तिच्यासमोर फाटक ओढलं आणि आतून कुलूप घातलं.

"आता बरोबर," मेव्हिस म्हणाली आणि आपल्या गाडीकडे चालू लागली.