डोंबिवली ते टेंभी नाका: चार थर आणि माझ्या पोटऱ्या

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी महिला गोविंदा पथकात शिरले तेव्हा नवरा म्हणाला, "तू? थरात?" झालं, मग जाणं भागच होतं. आमची सलामी चार थरांची. मी सगळ्यात खाली, माझ्या खांद्यावर वैशाली. मी डगमगले तर तिच्यासकट वरच्या सगळ्या खाली येणार, या एकाच धास्तीने गोपाळकाल्याला सकाळी आठला बसमध्ये चढले.

शिळफाट्यापर्यंत मजेत गेलो, मुंब्रा बायपासला अडकलो. तुम्ही सातलाच निघा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचे रस्ते बंद असतात, वीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. उतरताना आमची कोच स्वाती ओरडली, "आता ताण घ्यायचा नाही हं कुणी!" किती गोड मुलगी, धीर देतेय, असं मला वाटलं.

मिसळीचा मोह आवरून दोन केळी खाल्ली. मग एका बंद शटरला टेकून, योगवर्गात शिकवतात तशा पोटऱ्या आणि मांड्या मिनिट-मिनिटभर ताणून धरल्या. चांगलं तीन-तीनदा.

आमची पाळी यायच्या आधी बाजूच्या गल्लीत एकदा सरावाचे थर लावले. दुसरा थर चढला आणि माझ्या मांड्या लटपटायला लागल्या.

"काकू, तुम्ही हलताय की मी?" वरून वैशाली.

"मीच गं."

स्वातीने सगळ्यांना अलगद उतरवलं. "काय केलेलं तुम्ही?"

"स्ट्रेचिंग."

"मी सांगितलेलं ना, ताण घ्यायचा नाही?"

"मला वाटलं, टेन्शन म्हणतेयस!"

बायका रस्त्यातच बसून हसल्या. मला मात्र रडू येत होतं. "म्हणजे मी बाहेर?"

"छे हो. चढायच्या तोंडावर खूप वेळ ताणून धरलं की स्नायूंचा जोर थोडा वेळ उतरतो, तोलही बिघडतो. ते घरी गेल्यावर करा. आपल्याआधी अजून तीन पथकं आहेत, तोवर नाचा."

मग काय, भर टेंभी नाक्यावर गुडघे उचलून, पाय झोकून, अर्ध्या उठाबशा काढत नाचले. लग्नातही इतकी नाचले नव्हते. पोटऱ्या गरम झाल्या, पायांत जोर परत आला.

खऱ्या सलामीच्या वेळी खाली मान घालून मला फक्त पावलं दिसत होती. खांद्यावरचं ओझं वाढत गेलं, मग स्थिर झालं. "काकू, चारही उभे," वैशाली हळूच म्हणाली. मी इतकी खूश झाले की श्वास घ्यायचा राहिला.

संध्याकाळी घरी सावकाश पाय ताणत बसले होते. खांद्यांवर वैशालीच्या टाचांचे लाल वळ होते. नवऱ्याने सलामीचा व्हिडिओ तीनदा पाहिला.

"यात तू कुठे दिसतेस?"

"दिसत नाही," मी म्हटलं. "त्या सगळ्या जिच्यावर उभ्या आहेत ना, ती मी."