कापलेली सावली

शिंदेकाकांच्या एका हातात फोटो आला की दुसरा हात कात्री शोधायचा. सकाळच्या उन्हात काढलेल्या फोटोत खाली त्यांची स्वतःची सावली यायची, ती आधी उडवायची. माझ्या लग्नाचा अल्बम लावताना मी म्हटलं, "काका, राहू द्या की. तुमची आठवण." तर म्हणाले, "ना बेटा. गोष्ट तुझी, त्यात मी कशाला घुसू?"

सयाजीगंजात स्टेशनजवळ त्यांचा स्टुडिओ होता. घर अकोट्यात, आमच्या भिंतीला भिंत लागून. फोटो काय, कोणीही काढतं. लावणं हे काकांचं खरं कसब. "एकटा फोटो गप्प असतो. चार ओळीनं मांड, मग बोलायला लागतात," असं ते म्हणत. पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या आईच्या अलीकडे ते हसत लाडू वळणारी आई लावत, आणि पाहणारा पान उलटायचं विसरे. तासाभरात रंगीत प्रिंट देणारी दुकानं गल्लोगल्ली झाली, तरी अल्बम लावायला लोक काकांकडेच येत.

मग नलूकाकू विसरू लागल्या. आधी गॅस, मग गल्ली, मग काका. "हे भाऊ रोज येतात, चहा दे त्यांना," असं मला सांगायच्या. काकांनी स्टुडिओ बंद केला आणि रोज सकाळी सतरंजीवर काकूंचा संसार ओळीनं मांडू लागले. काकू कमाटीबागेत, काकू पावागडच्या पायऱ्यांवर, काकू नव्या स्कूटरशेजारी. लग्नाच्या फोटोतला मुंडावळ्या बांधलेला पोरगा म्हणजे समोरचा टकला म्हातारा, हे काही त्यांना पटेना. आणि पुढच्या एकाही फोटोत काका नव्हते. असणार कसे? कॅमेरा त्यांच्याच हातात.

काकू मन लावून बघत. एकदा म्हणाल्या, "बिचारी. हिला कोणीच नाही का हो? सगळीकडे एकटीच."

त्याच दिवशी काकांनी माळ्यावरून निगेटिव्ह काढल्या. चार दिवसांनी नवे प्रिंट घेऊन आमच्या दारात उभे. "बघ बेटा, आख्खे आणलेत. कात्री लावली नाही." प्रत्येक फोटोत काकूंच्या पायांपर्यंत एक लांब सावली पोचली होती, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. मला वाटलं, आता ओळखतील. देवाशपथ वाटलं.

त्यांच्या घरी सतरंजीवर ओळीनं मांडलेला एकेक फोटो काकूंनी पाहिला. सहाव्याला माझा हात घट्ट धरला. ओळ त्यांना बरोबर कळली होती.

"हा कोण गं हिच्या मागे लागलाय? जाईल तिथे हा आहेच. पोलिसांना सांगा कोणीतरी." आणि त्या रडायला लागल्या.

"शांती राखा, बेन," काका म्हणाले. स्वतःच्या बायकोला बहीण म्हणाले. मला ते ऐकवलं नाही.

मग त्यांनी कात्री घेतली. "नीट धर, बेटा. रेघ वाकडी नको जायला." मी धरत गेले, ते कापत गेले. पट्ट्या सतरंजीवर पडत होत्या. सगळे फोटो झाले तशा काकू शांत झाल्या, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "या भाऊंना चहा दे गं."