डावीकडे आणलेला गिअर

१२ जानेवारी, रविवार. सांगलीतल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये मेकॅनिकला रोख बारा हजार दोनशे रुपये दिले. साडेअकरा हजार जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाखालून डाव्या पायाखाली आणि ब्रेक डावीकडून उजवीकडे नेण्याचे, सातशे मागच्या दिव्याला ब्रेकची वायर जोडण्याचे. हजर होतो मी, माझी बायको, साताऱ्याहून आलेला मेकॅनिक आणि आबा, म्हणजे माझे वडील, वय एकोणऐंशी. आबा हजर होते, पण गाडीकडे पाठ करून खुर्चीवर बसले होते.

"सुभेदार, वळून बघा तरी," मेकॅनिक म्हणाला. "अशी बेमालूम जोडणी केलीया, कारखान्यात बी जमली नसती."

"डाव्या हातानं जेवाय लावतोयस मला," आबा भिंतीकडे बघत म्हणाले. "आन वर पैसं घेतोयस."

गाडी बर्मिंगहॅमची. पाचशे सीसी, एकच सिलिंडर, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनवलेली. आबा फौजेत याच जातीच्या गाडीवर चालवायला शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं कागदपत्रं या छावणीतून त्या छावणीत पोचवत राहिले. निवृत्त झाल्यावर लिलावात त्यांना ही मिळाली. तिचा रंग अजून फौजी हिरवाच आहे. तिला किल्ली नाही. मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या विजेवर ठिणगी पडते, किक मारली की सुरू. घरात ज्याला किक मारता येते त्याची ती गाडी, अशी आमच्याकडे लहानपणापासून पद्धत होती.

मलाही हा नाद आबांकडूनच लागला. माझी स्वतःची गाडीसुद्धा ब्रिटिश आहे, पण आजकालची, दोन सिलिंडरची, एबीएसचा ब्रेक असलेली. दोन्हींत एक फरक आहे, आणि पुढचं सगळं त्या फरकातून झालं. जुन्या ब्रिटिश गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आताच्या सगळ्या गाड्यांना नेमकं उलटं. मी आठवडाभर नवी चालवायचो आणि रविवारी जुनी. पाय गोंधळणार याची मला धास्ती होतीच. नोव्हेंबरात जुनीवर असताना मिरजेला स्टेशनजवळ ती खरी झाली. पुढच्या स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाने कापडात गुंडाळलेला तंबोरा मांडीवर धरला होता. स्कूटर थांबली. मी उजवा पाय दाबला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून वीतभरावर कसाबसा थांबलो. त्या माणसाला काही कळलंसुद्धा नाही. मी मात्र घरी येईपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

म्हणून गिअर बदलायचा ठरवला. माझा हिशेब सरळ होता. घरात दोन गाड्या, दोन्हींचे ब्रेक एकाच पायाला, म्हणजे चूक होण्याचा प्रश्नच मिटला. आबा आता वर्षातून फारतर चार-पाच वेळा गाडी बाहेर काढत. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "गाडी तुझीच हाय आता" एवढंच म्हणाले. मी त्याला होकार धरलं.

चार-पाच वेळांतली एक वेळ २६ जानेवारीची, हे मी धरलं नव्हतं असं नाही. कडेगाव तालुक्यात आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत झेंडावंदनाला गावातले सगळे माजी सैनिक पुढच्या रांगेत उभे राहतात. आबा दरवर्षी कोट घालून, छातीवर मेडलं लावून, याच गाडीवर जातात. पोरं फाटकापाशी वाट बघत असतात, कारण गाडीचा आवाज ओढ्यापलीकडून ऐकू येतो. यंदा आबा माझ्या कारमधून येतील असं मी गृहीत धरलं होतं.

"कारमधनं?" आबा म्हणाले. "आजारी हाय का मी?"

"आबा, ब्रेक बदललाय. पायाला सवय न्हाई."

"लावू की सवय. पंधरा दिस हायती."

आणि खरंच त्यांनी सवय लावायला घेतली. रोज सकाळी अंगणात गाडी काढायची, फाटकापर्यंत जायचं, ब्रेक दाबायचा, परत यायचं. उजव्या बुटाला त्यांनी लाल सुतळी बांधली होती. मी खिडकीतून बघायचो. चुकत नव्हते. बायको म्हणाली, "आवं, तुमच्यापेक्षा बरी चालवत्यात." पण अंगणात गाडीचा वेग माणूस चालतो तेवढा. आणि माझ्या डोक्यात दुसरीच बेरीज चालू होती. साठ वर्षं डाव्या पायाने ब्रेक, चौदा दिवस उजव्या पायाने.

मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आबा म्हणाले, "मग गिअर कशाला हलवलास लेका?" शेवटी ठरलं की मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागे राहायचं.

सव्वीसला पहाटे सव्वासहाला निघालो. नदीकाठच्या पट्ट्यात धुकं होतं. पुढे आबांची ताठ पाठ, हेल्मेटखाली गुंडाळलेला मफलर आणि मागचा तांबडा दिवा. तो सातशे रुपयांचा दिवा आता मला एक एक बातमी देऊ लागला. उजवा पाय दाबला की तो लागणार. म्हणजे आबा बरोबर ब्रेक दाबतायत की नाही, हे मला मागून कळणार होतं. ही सोय मी मागच्या ट्रकसाठी करून घेतली होती. आता मागे मीच होतो.

माधवनगर सोडलं आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर दिवा उगाचच लागला. पुढे काहीही नव्हतं. आबांनी गिअर बदलायला उजवा पाय हलवला होता, जुन्या सवयीने. गाडी थोडी अडखळली, मग त्यांनी डावा पाय वापरला. ही चूक निरुपद्रवी होती. गिअर टाकायच्या जागी ब्रेक लागला तर गाडी हळू होते, बस. पण त्याची उलटी बाजू मला माहीत होती. ब्रेक हवा असेल तिथे दिवा लागला नाही, तर?

पहिल्या गतिरोधकाला दिवा लागला. दुसऱ्याला उशिरा लागला. तिसऱ्याला लागलाच नाही. आबांनी नुसता क्लच दाबून, पुढच्या चाकाचा हातब्रेक धरून गाडी त्यावरून नेली. मी हॉर्न वाजवला, शेजारी गेलो.

"आबा, थांबूया का? चहा घेऊ."

"झेंडा आठला हाय," ते समोर बघत म्हणाले. "चहा गावात."

"पाय चुकतोय तुमचा."

"तू माझा पाय बघत बसू नगं. रस्ता बघ."

पलूस मागे पडलं. ऊन वर येत होतं, पण माझे हात हातमोज्यांत गार होते. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे सरकत होते. प्रत्येक ट्रॅक्टर दिसला की माझा स्वतःचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जणू मी इथून दाबला की तिथे लागेल. दोनदा त्यामुळे माझीच गाडी विनाकारण थांबत आली.

पुढे चढ होता आणि चढानंतर लांबलचक उतार. उताराच्या तळाशी डाव्या बाजूच्या उसाच्या फडातून एक कच्चा रस्ता येऊन मिळतो. आबा तिसऱ्या गिअरवर होते. त्या कच्च्या रस्त्यावरून ट्रॅक्टरचं नाक बाहेर आलं, मग पूर्ण ट्रॅक्टर, मग पहिली ट्रॉली. उसाने काठोकाठ भरलेली. रस्ता बंद होत चालला होता.

मी दिव्याकडे बघत होतो. दिवा लागला नाही.

ऐकू मात्र आलं. खट्ट असा गिअर पडल्याचा आवाज. आबांनी ब्रेक समजून डावा पाय पूर्ण दाबला होता आणि तिथे आता गिअर होता. जुन्या ब्रिटिश गाडीत खाली दाबलं की वरचा गिअर पडतो, आणि मेकॅनिकने जोडणी करताना तो क्रम तसाच ठेवला होता. गाडी चौथ्यात गेली. इंजिनाचा आवाज एकदम उतरला. आतापर्यंत इंजिनाने जो काही वेग धरून ठेवला होता तोही सुटला आणि गाडी उताराला मोकळी झाली. मी हेल्मेटमध्ये ओरडलो, "उजवा! आबा, उजवा!" कोणाला ऐकू जाणार होतं?

दुसरी ट्रॉली बाहेर येत होती. आबांनी हॅंडल डावीकडे टाकलं. त्या बाजूचा ऊस तुटून गेला होता, नुसते खोडके आणि त्यांवर पसरलेलं पाचट, उसाचा वाळका पाला. गाडी रस्त्याच्या कडेवरून फडात उतरली, पाचटात खोल गेली, पंचवीस-तीस फूट घसरली आणि डाव्या अंगावर पडली. आबा तिच्याखाली.

माझी गाडी मी कशी थांबवली ते आठवत नाही. थांबली, एवढं खरं. पळत गेलो. आबांचे डोळे उघडे होते. डावा पाय गाडीखाली अडकला होता. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिपकत होतं आणि तापलेला सायलेन्सर पाचटात रुतला होता. वरचं पाचट दवाने ओलं होतं, खालचं कोरडं. त्यातून पांढरं काहीतरी वर येत होतं. वाफ की धूर, मला ठरवता येईना.

आधी काय करायचं असतं ते मला पाठ आहे. पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मी वाकलो, आणि माझा हात हॅंडलवर किल्ली शोधू लागला. ज्या गाडीला आयुष्यात कधी किल्ली नव्हती, तिची. किल्ली सापडेना. मी पुन्हा पुन्हा तीच जागा चाचपत राहिलो. पांढऱ्याचं करडं झालं आणि जळक्याचा वास आला.

"बाजूला व्हा की आवं! बघत काय ऱ्हायलाय?"

ऊसतोडणीच्या टोळीतली एक बाई होती, जत भागातून आलेली, हे नंतर कळलं. तिने मला खांद्याने ढकललं आणि पिण्याच्या पाण्याची घागर सायलेन्सरवर उपडी केली. मोठा फस्स आवाज झाला. तोवर टोळीतले चौघे आले, एकाने हातात माती घेऊन टाकीच्या तोंडावर थापली, बाकीच्यांनी गाडी उचलली. मी आबांना काखेत धरून ओढलं. ते इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"ब्रेक दाबला की रं मी," आबा म्हणाले. "पुरा दाबला."

"व्हय आबा."

"मग?"

मी त्यांच्या कोटावरचं पाचट झटकू लागलो. त्यांनी छातीवरची मेडलं एकेक करून चाचपली. सगळी होती. मग विचारलं, "वाजलं किती?"

"म्हाताऱ्याला टायमाची पडलीया," ती बाई म्हणाली. "बाबा, फटाक्यागत उडाला असता तुमी. अन् माझी घागर गेली." घाईत ती खोडक्यावर आपटून चिरली होती. किंमत विचारली. दोनशे, म्हणाली. मी दोनशे दिले. टोळीचं दिवसभराचं पाणीही त्यातच गेलं होतं, हे मला मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसल्यावर सुचलं.

डावा घोटा मोडला होता. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढ्यावर निभावलं. बायकोने आणलेल्या कारमध्ये बसल्यावर आबा म्हणाले, "यंदा पुढच्या रांगेत एक जागा मोकळी ऱ्हायली."

घरी बायको म्हणाली, "विकून टाका ती गाडी." मलाही तेच हवं होतं. आबांना विचारलं.

"विका की," ते म्हणाले. "मी असूस्तवर नगं."

मग दोन-तीन आठवडे मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. गाडीला किल्ली नाही, तेव्हा ती लपवण्याचा प्रश्न नाही. साखळी-कुलूप लावलं तर आबा पाने आणि आरी घेऊन बसतील. त्यांचे हात अजून चांगले चालतात. मी कामावर गेल्यावर शेडकडे कोण बघणार? ते पुन्हा गाडी काढणार नाहीत, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. रात्री ते झोपेत डावा पाय हलवायचे, प्लॅस्टर पलंगाच्या कडेला लागून ठक् वाजायचं. मला कळायचं, ते काय दाबतायत.

तेव्हा मी साताऱ्याला फोन केला. मेकॅनिक आधी हसला, मग कारण ऐकून त्याने तारीख दिली.

२ मार्चला, रविवारी, तो आला. हजर होतो मी, बायको, तो आणि आबा. आबा खुर्चीवर, पाय स्टुलावर, तोंड गाडीकडे. काम चालू असताना एक नटसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. झाल्यावर त्यांनी काठीने ब्रेकचा पायटा दाबून बघितला. डावीकडचा. मागचा दिवा लागला. वायर मी पुन्हा जोडून घेतली होती.

"फुडच्या रविवारी पिलास्टर निघतंय," आबा मेकॅनिकला म्हणाले. "सोमवारी ये. टेस्ट मारू."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पाकीट काढलं. गिअर पुन्हा उजवीकडे नेण्याचे मेकॅनिकला चार हजार पाचशे रुपये दिले.