यान थांबवायचं कसं

मोरा बंदरातल्या तांडेलकाकांना मी त्या व्याख्यानाला नेलं ते बोलायला नाही, दाखवायला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बाजू सावरायला बघेन.

पनवेलच्या एका वाचनालयात एक निवृत्त शिक्षक बोलणार होते. विषय: माणूस दूरच्या ताऱ्यांपर्यंत कसा जाईल. आमच्या खाडी वाचवायच्या आंदोलनाचं पत्रक तयार होतं. ‘खाडी बुजली, मासळी गेली, आणि तुम्हाला तारे हवेत?’ मीच लिहिलेलं. त्या मास्तरांनी खाडीत एक घमेलं माती टाकली नव्हती. पण आम्हाला भरलेला हॉल हवा होता, आणि जन्मभर मासेमारीची होडी चालवलेला माणूसही हवा होता.

काकांना म्हटलं, “मी हात वर केला की उठायचं. म्हणायचं, आमची खाडी परत द्या.”

“येवढंच? मंग एखादा कोंबडा न्यायचा उचलून.”

मास्तर छान बोलत होते, हे आज कबूल करते. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेडसुद्धा इथे यायला चार वर्षांहून जास्त लागतात. आजच्या यानाला हजारो. वाटेतच पोरं जन्मणार, म्हातारी होणार, मरणार. मी घड्याळ बघत होते. काका खुर्चीच्या टोकावर आले होते.

मी हात वर करायच्या आधीच ते उठले.

“मास्तर, एक इचारू? दर्यात इंजिन बंद केलं का पानी होडीला धरतं. थोडी जाते नि थांबते. तिथं पानीच नाय. मंग पोचल्यावर थांबवायची कशी?”

मास्तरांनी चष्मा काढला. चेहरा असा खुलला की बस्स. “काका, इतकी वर्षं मी बोलतोय, पण हा प्रश्न...”

आपला माणूस हातचा जातोय, असं वाटलं मला. मी उठून घोषणा दिली. बाकीच्यांनी ती उचलली. पत्रकं उडाली, कुणीतरी माइक बंद केला. काका तसेच उभे, मास्तरांकडे बघत. वाचनालयातल्या एक बाई त्यांचा दंड धरून म्हणाल्या, “चला आजोबा, झाला तुमचा तमाशा.”

तमाशा माझा होता. दंड त्यांचा धरला.

परतताना ते एवढंच बोलले, “तुजं काम झालं ना, बाय?”

आठवड्याने मी मास्तरांची माफी मागितली. त्यांनी आमच्याच पत्रकाच्या मागे चित्र काढून दिलं: निम्म्या वाटेत यान उलटं फिरवायचं आणि वेग मारायला पुन्हा इंजिन चालवायचं. त्यासाठीचं इंधनही पहिल्यापासून वाहून न्यायचं, हीच खरी अडचण. “त्यांना पुन्हा घेऊन या,” म्हणाले.

मी ते घेऊन मोऱ्याला गेले. काकांनी कागदाकडे पाहिलं.

“रिव्हर्स. ठावं हाय. धक्क्याला लावताना आमी तेच करतो.”

“मग विचारलंत कशाला?”

“मास्तर लोकांसमोर काय बोलतो, ते ऐकाचं व्हतं. दुसरा बी सवाल व्हता.”

“कुठला? मी विचारते ना त्यांना.”

“तू नको इचारू.” त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. “चा घेतेस?”

मी घेतला. साखर कमी होती. तसाच प्यायले.